तेवीसशे पन्नासचा खड्डा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आपले मॅनेजर साहेब, सत्कारमूर्ती हरिचंद्रकाका, समोर बसलेल्या कमळाकाकू आणि अंबरनाथच्या या कारखान्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी शलाका, क्वालिटी विभागाची प्रमुख. संशय घेणं हे माझं पगारी काम, आणि स्वभावही तसाच. दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा मी दोनदा वाचते.

काकांनी लॅबमध्ये तीस वर्षं तरंगसंख्या वाचली. काकू, तरंगसंख्या म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये प्रकाशाच्या किती लाटा बसतात, तो आकडा. प्रत्येक रसायन आपापल्या ठरलेल्या आकड्यांचा प्रकाश गिळतं आणि आलेखात तिथे खड्डा पडतो. आपल्या सॉल्व्हंटचा खड्डा सतराशे चाळीसला. तो दिसला, दुसरं काही दिसलं नाही, की माल पास.

जुलैत उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या गिऱ्हाईकाकडून ड्रम परत आले. मालात पाणी होतं. आलेख मात्र स्वच्छ, आणि त्यावर काकांचं नाव. मग संशय कोणावर घ्यायचा? मी रिपोर्ट लिहिला. म्हणून काका दोन वर्षं आधी निरोप घेतायत. आता हार घातलेत, पण कारण इथे कोणाला ठाऊक नाही?

परवा ते चार्ज द्यायला आले आणि त्यांनी जुलैचा आलेख जानेवारीतल्या एका आलेखाशेजारी ठेवला. म्हणाले, “मॅडम, सतराशे चाळीस सारखंच येणार. तेवीसशे पन्नास बघा. तिथे मशीनजवळच्या माणसाचा श्वास दिसतो. जानेवारीतला श्वास जुलैत कसा येईल?”

आला होता. केसभरही फरक नव्हता. जुन्याच आलेखावर नवी तारीख घातलेली. मग मी हजेरी काढली. त्या नव्या तारखेला काकांच्या घराकडे, मांजर्लीत, पुराचं पाणी होतं, काका गच्चीवर अडकले होते. लॅबला कुलूप होतं, तरी ट्रक वेळेवर सुटला.

आधी का नाही बोललात, असं मी विचारलं. ते म्हणाले, “तुम्ही विचारलंत कुठे?”

तारीख बदलायचा पासवर्ड दोघांकडेच आहे. एक मी, आणि मी ती बदललेली नाही. दुसरं नाव मी समारंभात घेणार नाही. साहेब, पाणी हवंय का? तुमच्यासमोरच ग्लास आहे.

अध्यक्ष महोदय, तुमच्या पुष्पगुच्छाखालच्या पाकिटात दोन्ही आलेख आहेत, आणि रिपोर्ट मागे घेतल्याचं माझं पत्र.

संयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. लिहिण्यात जे झालं, ते पोटात घाला असं मी सभागृहाला कशी म्हणू? काका, मी चुकले. तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं.