शेवटच्या घावाचा मान

शिवराज : ...म्हणून सांगतो यास्मीन, घड्याळ माणसासाठी असतं, माणूस घड्याळासाठी नसतो. संस्कृती वेळेपेक्षा मोठी आहे.

यास्मीन : सर, संस्कृती जरा बाजूला घ्या, मागं काका खोकतायत. या काका. हे दोन चमचे, जेवणानंतर. सुट्टे नसू द्या, उद्या द्या. ...हं, बोला सर. संस्कृती मोठी आहे. मग?

शिवराज : मग काय. रविवारी राक्षस हरला होता. नैतिकदृष्ट्या.

यास्मीन : तो नैतिकदृष्ट्या हरला आणि आपण पाचीच्या पाची मेलो.

शिवराज : गेममध्ये.

यास्मीन : मग काय मेडिकलमध्ये मरणार होतो? दोन महिने त्या काळकेतूचा मार खाल्ला की आपण. दहा मिनिटांत मारला तर मारला. टायमर संपला की पिसाळतो, आणि पिसाळला की एका फटक्यात सगळे आडवे. रविवारी त्याच्यात जीव किती उरला होता?

शिवराज : थोडा.

यास्मीन : एक फटका! मी नुसती दवा देणारी, पण माझ्या काठीनंही पडला असता. टायमरवर अजून अर्धं मिनिट होतं. तेव्हा माइकवर कोण ओरडलं, "थांबा, हत्यारं खाली घ्या" म्हणून?

शिवराज : ओरडलो नाही. आवाहन केलं.

यास्मीन : लीडर कोण होतं त्या दिवशी?

शिवराज : तू. पण शेवटच्या घावाचा मान ज्येष्ठांचा असतो, हे काय लीडरनं सांगायचं असतं? रेवणसिद्ध अप्पा आपल्यात सगळ्यात मोठे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात सुद्धा नारळ वाढवायला आम्ही ज्येष्ठांनाच पुढं करतो.

यास्मीन : उशीर झाला म्हणून नारळ पाहुण्यांना मारत नाही, सर.

शिवराज : तू अप्पांचा संयम पाहिलास का? मी म्हटलं, अप्पा, मान तुमचा. ते गप्प. माढ्याचा आदिनाथ म्हणाला, अप्पा, घ्या की आता. गप्प. गौस कुंभारीहून हात जोडत होता...

यास्मीन : हात जोडले म्हणूनच त्याचा फोन पडला.

शिवराज : ...तरी ते तलवार खाली धरून नुसते उभे. इतक्या जवळ यश, आणि माणूस निःस्पृह. मी तर भारावून गेलो.

यास्मीन : तुम्ही भारावलात, तेवढ्यात तो पिसाळला. जाऊ द्या. हरलो त्याचं मला काही नाही.

शिवराज : मग ग्रुप का सोडलास?

यास्मीन : सर्दीची गोळी हवी म्हणून आलात ना? ही घ्या. झोप येते, गाडी चालवू नका.

शिवराज : यास्मीन.

यास्मीन : ग्रुपवर रात्री तुम्ही काय टाकलंत, तोंडपाठ आहे माझं. "वेळेचं नियोजन फसलं. नेतृत्व अनुभवानं येतं. पुढच्या वेळेपासून जबाबदारी पुन्हा माझ्याकडे घेत आहे." खाली आदिनाथ म्हणाला, लेडीज लीडर केल्यावर असंच होणार. त्याला तुम्ही अंगठा दिलात.

शिवराज : तो चुकून लागला.

यास्मीन : लागला तर लागला. काढलात का?

शिवराज : ...काढला तर जास्त दिसलं असतं.

यास्मीन : पाच घरांच्या नळाच्या पाळ्या विचारून मी ती रविवारची दुपार काढली होती, सर. तुमची शनिवारी, अप्पांची सोमवारी, आमची आज. कुणाची बादली मधे येऊ नये म्हणून. गौसच्या आईला सांगून ठेवलं, दुपारी त्याला दळणाला पाठवू नका. कुणी कधी मारायचं, कुणी मागं सरायचं, सगळं सगळ्यांना समजावलं. आणि नियोजन फसलं?

शिवराज : गौस म्हणत होता, तुझ्याकडे त्या दिवशीचं रेकॉर्डिंग आहे.

यास्मीन : हां. आत्ता सर्दी बाहेर आली.

शिवराज : कॉलेजात मी नागरिकशास्त्र शिकवतो. पोरांच्या हातात तो आवाज पडला तर वर्गात पाऊल टाकता येणार नाही मला. तू म्हणशील तशी माफी मागतो. इथं, आत्ता, तुझ्यासमोर.

यास्मीन : माझ्यासमोर नक्को. माझ्यासमोर मी एकटीच असते. जिथं नावं ठेवलीत तिथं मागा.

शिवराज : आणि रेकॉर्डिंग?

यास्मीन : नाहीये.

शिवराज : म्हणजे पुसलंस?

यास्मीन : केलंच नव्हतं. मी दवा देत होते सगळ्यांना, रेकॉर्डिंग कुठल्या हातानं करू? गौसनं तुमची मजा केली. जा सर, निवांत जा. गोळी तेवढी जेवणानंतर घ्या.

(शिवराज दुकानाच्या पायरीपर्यंत जातात. स्कूटरची किल्ली फिरवतात, बंद करतात. परत येतात.)

यास्मीन : आता काय राहिलं?

शिवराज : आमच्या आरोहीनं तो मेसेज वाचला. म्हणाली, "बाबा, थांबा थांबा तर तुम्हीच म्हणत होता ना? मी शेजारच्या खोलीत होते."

यास्मीन : मग?

शिवराज : मी म्हटलं, मोठ्यांच्या बोलण्यात पडू नये.

यास्मीन : आणि ती?

शिवराज : तेव्हापासून ती माझ्याशी फार आदरानं बोलते.

यास्मीन : फोन काढा. लिहा.

शिवराज : लिहितो. "ग्रुपमधील सर्व सन्माननीय सदस्यांस. रविवारी काही अपरिहार्य कारणास्तव अंतिम प्रहारास विलंब झाला..."

यास्मीन : कुणामुळे?

शिवराज : ते ओघानं येईल.

यास्मीन : आधी ते येऊ द्या. ओघ नंतर.

शिवराज : "रविवारी मी सगळ्यांना थांबवलं."

यास्मीन : हं.

शिवराज : "यास्मीनचं नियोजन बरोबर होतं. चूक माझी. दोष मी तिच्यावर ढकलला. तिला लीडरपदावरून काढायचा मला अधिकार नव्हता." ...आदिनाथ वाचणार गं हे.

यास्मीन : त्याच्यासाठीच चाललंय की.

शिवराज : एक ओळ शेवटी घालू दे. तेवढी तरी अब्रू राहू दे माझी. "मात्र हाती आलेला मान नाकारून अप्पांनी जो मोठेपणा दाखवला, त्यापुढे एक पराजय काहीच नाही."

यास्मीन : घाला. अप्पांबद्दल माझं काही म्हणणं नाही.

शिवराज : पाठवला.

यास्मीन : अंगठा?

शिवराज : काढला. दिसू दे काय दिसायचं ते. परत येशील ना ग्रुपमध्ये?

यास्मीन : बघते. आदिनाथ काय म्हणतो, आधी ते बघते.

रेवणसिद्ध : यास्मीनव्वा, बीपीच्या गोळ्या दे गं म्हैन्याच्या. आणि हे काय, सर? तुमी हितं? तब्येत बरी हाय न्हवं?

शिवराज : अप्पा! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. तुमच्याबद्दलच लिहिलं आत्ता.

रेवणसिद्ध : माझ्याबद्दल? फोन लई वाजायलाय मगाधरनं. आदिनाथनं हात जोडल्यालं चित्र धाडलंय. गौसनं फूल. कुनी गेलं का काय आपल्यातलं?

यास्मीन : कुणी नाही, अप्पा. तुमचा मोठेपणा पोचला सगळ्यांपर्यंत.

रेवणसिद्ध : कसला मोटेपना?

शिवराज : रविवारचा, अप्पा. आम्ही सगळे विनवत होतो, शेवटचा घाव तुमचा म्हणून. आणि तुम्ही तलवार उचलली नाही. एक शब्द बोलला नाहीत. त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं, एवढंच या पोरीला सांगा.

रेवणसिद्ध : रविवारी व्हय? रविवारी मी फोन चुलीपाशी ठिवून खाली पळालो की. सोमवारचं पानी रविवारीच आलतं.