फोटोत माणूस नको

नाही नाही साहेब, फोटो आहेत ना, ढीगभर आहेत — या शहरात आल्यापासून कॅमेरा हातातून खाली ठेवलाय कुठं मी — थांबा हं, हे बघा. हा जिना. म्हणजे जिन्याचा कठडा, खालून वर बघत काढलाय, शंखासारखा दिसतो की नाही? हे गजांचे पट्टे, भिंतीवर पडलेले. ही खिडकी — खिडकी नाही, खिडकीचा नुसता कोपरा. ही पाइपाखालची ओल... तुम्हाला वाटेल काय खुळा माणूस आहे, पण मी असंच काढतो हो. आख्खी इमारत काय, कुणीही काढेल. माणूस मात्र नको त्यात. माणूस आला की बघणाऱ्याची नजर त्याच्याकडेच जाते, भिंतीला मग कोण विचारतं?

आबांचा... आहे, असणारच एखादा. वडील आहेत माझे, रोज सोबत हिंडतायत, एकातही नसतील असं कसं होईल? हा बघा — नाही, ही पाण्याची टाकी.

तसे गुणी आहेत हो ते. विसरतात सगळं, पण सांगितलेलं ऐकतात. ‘आबा, जरा सरका’ म्हटलं की सरकतात. ‘अजून थोडं’ म्हटलं की अजून थोडं. हात मागं बांधून पलीकडे उभे राहतात, बाकावरून उठवलेल्या पोरासारखे. आज दुपारीही तसंच — पिवळी भिंत, तिच्यावर वरच्या गच्चीची तिरकी सावली, आणि बरोबर मधोमध आबा. म्हटलं, सरका. सरकले. म्हटलं, अजून. अजून सरकले. तेवढं ‘थांबा’ म्हणायचं राहून गेलं.

क्षणभरच डोळा लावला होता मी कॅमेऱ्याला. क्षणभर म्हणजे — सावली जरा खाली उतरायला हवी होती ना, ती काय आपल्या सांगण्यावरून उतरते? चप्पल घासत चालतात ते. ऐकू येत होतं मला. लांब लांब जात होता आवाज, आणि मी मनात म्हणतोय, जाऊन जाऊन जातील कुठं? खरं सांगू? बरं वाटलं मला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ‘आपण कुठं आलोय रे?’ असं कुणी विचारत नव्हतं. पोटच्या पोराला असं वाटावं का हो? लाज वाटते सांगायला. हे तक्रारीत नका लिहू.

कपडे? शर्ट... शर्ट होता. फिका... की चौकडीचा? भिंतीचा रंग विचारा, लगेच सांगतो — पिकल्या लिंबात राख कालवल्यासारखा. शर्टाचा नाही येत सांगता. चष्मा होता. म्हणजे — चष्मा माझ्याच बॅगेत आहे.

ताईला माहीत असणार. बॅग तिनंच भरलीय. वर्षभर तीच करते त्यांचं सगळं, म्हणून मीच मोठा शहाणा, म्हटलं आठवडाभर मी नेतो, तू जरा टेक. निघताना एवढंच म्हणाली, ‘हात सोडू नकोस त्यांचा.’ हसलो मी. आता तिला कुठल्या तोंडानं — लावतो, लावतो साहेब, असे बघू नका माझ्याकडे.

हॅलो, ताई? पडली होतीस का गं?... हो, मजेत आहोत. अगं, आबांचे कपडे धुवायला द्यायचेत, शर्ट कुठले कुठले दिले होतेस?... आकाशी चौकडा, हं... आणि खिशावर शाईचा डाग पडलेला, पांढरा. बरं, बरं... आबा? आहेत ना. पडलेत जरा. इथंच, माझ्या शेजारी... अगं कशाला उठवायचं, दमलेत गं... नाही, रडतोय कुठं, सर्दी झालीय... ताई, ऐक ना —

साहेब, ती म्हणतेय, उठवू नकोस, फोन नुसता त्यांच्या तोंडाजवळ धर, घोरणं ऐकते.