चालवते मी, दांडा हलवतात हे

आणि वर तो गॅरेजचा मिस्तरी मलाच विचारतो, "ताई, गाडी चालवतं कोण?" आता तुम्हाला सांगते, हा प्रश्न कुणी विचारला की माझं डोकंच फिरतं, कारण आमच्या घरात गाडीबद्दल बोलतात सगळे, जावई बोलतो, शेजारचा बोलतो, पलीकडच्या गल्लीतसुद्धा कधी गाडीने न गेलेली माझी नणंद बोलते, पण गाडी चालवतं कोण? मी.

आमचा कपडे धुण्याचा धंदा. लॉजच्या चादरी, अभ्रे, टॉवेल. सकाळी धुतलेली गाठोडी नेऊन टाकायची, मळकी उचलून आणायची. त्यासाठी ही जुनी गाडी, गिअर आपोआप पडणारी, कुणाला नको होती म्हणून आमच्या दारात आली. आमच्या ह्यांनी जन्मभर ट्रक चालवला, म्हणून पहिल्या दिवशी चाकावर बसले तेच. डावा पाय सवयीने गेला क्लचवर, आता ह्या गाडीला क्लच असतो कुठला, तिथे लांबरुंद ब्रेक, आणि ह्यांनी तो दाबला ट्रकच्या हिशोबाने... नाक काचेवर आणि मागची गाठोडी ह्यांच्या मानगुटीवर. उतरले, नाक चोळलं आणि म्हणाले, "क्लच नाही ती गाडीच नाही." झालं. शिकले मग मी. गिअरच्या दांड्याजवळची ती इंग्रजी अक्षरं चौथीपर्यंतच्या शाळेत मला कुणी शिकवली नव्हती, ती गाडीने शिकवली. तेव्हापासून गाडी चालवतं कोण? मी. आणि हे बाजूला बसतात, रस्ता दाखवायला म्हणे. रोजचाच तो रस्ता, दाखवायचं काय त्यात?

तर ही गाडी मध्यंतरी विचार करायला लागली. म्हणजे असं, की दांडा 'डी'वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर टाकायचा, पाय द्यायचा, इंजिन बोंबलतंय, आणि गाडी जागेवर. आपण बसलोय वाट बघत... आणि मग कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी उडी. हे लगेच, "अगं, पाय हळू दे." हळू दिला की, "अगं, जीव नाही का पायात?" एकदा तर लॉजच्या चढावर अशी बसली की बसलीच. मागे बस, बसच्या मागे सगळं गाव, आणि वरून लॉजचा मॅनेजर खिडकीतून, "बाई, पाहुण्यांना काय उघड्या गादीवर झोपवू? दुसरा एक जण टेम्पो घेऊन तयार आहे, सांगून ठेवतो."

गेलो गॅरेजला. मिस्तरीने गिअरपेटीचं तेल बोटावर घेतलं, हुंगलं, माझ्याही नाकाशी धरलं. करपलेला वास. म्हणाला, "आतल्या प्लेटा जळल्यात. बदलाव्या लागतील. नाहीतर आख्खी पेटी काढून साधी, हाताने गिअर टाकायची बसवू. क्लच येईल खाली."

क्लच म्हटल्याबरोबर आमच्या ह्यांचा चेहरा असा फुलला, की आमच्या लग्नात पण एवढा फुलला नव्हता. "साधीच बसव रे बाबा. मग मी चालवतो. ही बसेल बाजूला गाठोडी धरून."

मी म्हटलं, "का? मी काय गाठोड्यावरची गाठ आहे का?"

"अगं, तुझ्याच जिवाला आराम."

बघा आता. मी रोज ओल्या चादरी पिळते तेव्हा माझ्या आरामाची आठवण होत नाही कुणाला. क्लच दिसला आणि माझी दया आली. अहो, आख्ख्या संसारात मला एकटीला मिळते अशी जागा एकच, त्या चाकामागची, आणि तीही ह्यांना हवी. मी मिस्तरीला म्हटलं, "पेटी हीच राहील. तू प्लेटा बदल."

तर तो पण शहाणा. "बदलतो, पण जळल्या कशाने? ते कळलं नाही तर नव्यासुद्धा जळतील. चला, दाखवा कशी चालवता."

हे लगेच मिस्तरीकडे बघून हसले. म्हणजे झालीच माझी परीक्षा, नापास झाले की क्लच. मिस्तरी मागे गाठोड्यांत बसला, हे बाजूला, मी चाकावर. उतार लागला, आणि ह्यांचा उजवा हात गेला दांड्यावर, खट्, गाडी न्यूट्रलला. "उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं?" मी ह्यांचा हात झटकला आणि परत 'डी'त टाकली. चढ लागला, परत तो हात. "चढ आलाय, गिअर खाली घे, गाडीला काय कळतंय?" मी परत झटकला. तुम्हाला सांगते, जेवताना आपण माशी हाकलतो ना, तेवढीच सवय झाली होती मला त्या हाताची. दिसतच नव्हता तो मला.

मागून मिस्तरी म्हणाला, "थांबवा गाडी. ताई, गाडी चालवतं कोण?"

"मी."

"आणि गिअर?"

"ते आपोआप पडतात."

"काकांचा हात आपोआप पडतोय, तो धरा आधी."

हे म्हणतात, "मी मदत करतो तिला. इंजिनाचा आवाज बदलला की हात जातो, आता हाताला काय सांगू?" मिस्तरीने हात जोडले. "काका, असे गिअर उपटून आणि परत टाकून तुम्हीच प्लेटा जाळल्यात. मी नव्या घालतो. पण तुम्ही पुढच्या सीटवर दिसलात तर परत माझ्याकडे यायचं नाही."

गाडी गॅरेजात होती तोवर आम्ही गाठोडी हातगाडीवरून नेली, हे पुढून ओढतायत, मी मागून ढकलतेय, आणि तिथेही, "अगं, चढावर जोर कमी कर." हातगाडीला गिअर नाही म्हणून वाचली ती.

मग गाडी आली. लोण्यातून चालल्यासारखी. पाय ठेवला की निघाली, ना लाथ ना विचार. लॉजही सुटलं नाही, माझी चाकामागची जागाही सुटली नाही. आमचे हे मागच्या सीटवर, हात मांडीवर. आता आमचा धंदाच कपड्यांचा, त्यामुळे ह्यांच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाजूला पांढऱ्याशुभ्र चादरी, खिडकीतून बाहेर बघतायत असे तोंड पाडून की लांबून रुबाबच वाटावा.

लॉजवर नवा वॉचमन लागला होता. धावत आला, मागचं दार उघडलं आणि ह्यांना ठोकला कडक सलाम. "या साहेब." आणि आमचे साहेब उतरले की हो, मान ताठ करून, गाठोड्याला हात न लावता गेले आत. मी उतरायला दार उघडतेय तर वॉचमनने बॉनेटवर थाप मारली. "ओ ड्रायव्हरबाई, साहेबांना सोडलं ना, गाडी पुढे घ्या."

गाडी चालवतं कोण, हे न सांगता कळलेला हा पहिलाच माणूस. त्याला काय बोलणार? घेतली पुढे.