फॉल न लावलेली साडी

मी मूळची उदगीरकडची, बाप गोधड्या शिवायचा, त्यामुळं सुई लहानपणापासूनच हातात, अन् लग्न होऊन मुखेडला आले तशी बावीस वर्षं झाली, साड्यांना फॉल-पिको करून राहिले. आमचे हे कापडाच्या दुकानात कामाला. मागच्या वर्षी बाजार बसला, गिऱ्हाईक फिरकेना, तर मालक म्हणला मंदी हाय, सगळ्यांनी मिळून सोसायचं, अन् ह्यांचा पगार अर्धा केला, अन् त्याच महिन्यात स्वतःच्या केबिनला एसी बसवला. म्हणजे सोसायचं आम्ही अन् थंड व्हायचं त्यानं. तुम्ही मंदीवर लिहायला आलात ना, मग हे लिहा, मोठ्या अक्षरात लिहा.

मग घराचा कारभार मी हातात घेतला. ह्यांचं पान बंद, तेल कमी, अन् आहेर विकत आणणं तर एकदम बंद. आमच्याकडं लग्न असो, बारसं असो, बाईला साडी द्यावीच लागती. तर आलेली साडी घडी न मोडता ट्रंकेत ठेवायची अन् पुढच्या कार्यक्रमाला पुढं सरकवायची. सगळ्याच बाया करतात, बोलत कुणी न्हाई. मला मात्र कळतं. फॉल लावला न्हाई म्हणजे साडी प्रवासाला निघणार.

पोरगी माझी नांदेडला नर्सिंगला हाय. तिच्या फीचे बारा हजार जमवले मी, पण कुणी हात पसरला की ह्यांना न्हाई म्हणताच येत न्हाई, म्हणून ट्रंकेतल्या एका साडीच्या घडीत नोटा ठेवल्या अन् वरून निळ्या दोऱ्यानं टाके घातले. साडी पोपटी, काठ जांभळे, काय सांगू तुम्हाला, बघितली की डोळे दुखायचे. म्हणलं हिला कोण हात लावतंय.

ह्यांनी लावला. फीला चार दिवस राहिले तेव्हा ट्रंक उघडली, तर साडी न्हाई. हे म्हणले, अगं, त्या दिवशी मी एकटा जळकोटला बारशाला गेलो ना, आक्काला दिली, एक रुपया खर्च न्हाई केला बघ. वर छाती पुढं.

सकाळच्या एसटीनं जळकोट गाठलं. सुमनआक्का माझी मोठी नणंद. तिच्याच भावापासून पैसे लपवते हे तिला कसं सांगू? म्हणलं आक्का, ती पोपटी साडी द्या, फॉल लावून देते. आक्का म्हणली, अगं कमल, दोनदा नेसले की मी ती, लई मऊ हाय. मी म्हणलं, फॉल न लावता? आक्कानं दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणली, कुणाला बोलू नको बाई, किनवटच्या जावेला वास्तुशांतीला दिली.

दुसऱ्या दिवशी किनवट. त्या बाईकडं मी पहिल्यांदाच गेले, सहज आले म्हणलं, साड्या असतील तर द्या, फुकट फॉल लावते. फुकट म्हणल्यावर तिनं पाच काढल्या, पोपटी एकही न्हाई. चारपर्यंत मान मोडून शिवत बसले. निघायची वेळ झाली, मी पाणी मागितलं, चहा मागितला, परत पाणी मागितलं. शेवटी तिलाच लाज वाटली, पहिल्यांदा आलेल्या बाईला रिकाम्या ओटीनं कसं पाठवायचं. कपाट उघडलं, पोपटी साडी काढली. अन् माझ्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, कशाला हो, राहू द्या की!

ती बाई लगेच बरं म्हणली अन् साडी परत ठेवायला वळली!

न्हाई म्हणजे, तुम्ही इतक्या प्रेमानं देताय तर, असं म्हणत मी साडी अशी ओढली की तिच्या हातातला कुंकवाचा करंडाच सांडला. घडीत बोट घातलं. टाके जागेवर. बारा हजार तीन घरं फिरून आले, कुणी घडी मोडली न्हाई. सगळ्यांच्याच घरी मंदी, म्हणून वाचले.

फी वेळेवर भरली. त्या रात्री मी पहिल्यांदा त्या साडीला फॉल लावला, पक्का. आज नेसले तीच ही. हसू नका, लिहा. पोरगी नर्स होईल, तुमच्या दंडात सुई टोचंल अन् तुम्हाला कळणारसुद्धा न्हाई, टाक्याचा हात हाय आमच्या घरात. सुखी राहा.