पहिलीतल्या बाईंचं नाव

थोरली: ...आणि इस्पितळवाले म्हणतात, "तुम्हीच मेल करून मुलाखतीला येत नाही, नोकरी नको म्हणालात." मी! तीन वर्षं इथल्या लॅबमध्ये नळ्या धुऊन त्या नोकरीवर डोळा ठेवून बसलेली मी.

धाकटी: मग मेल गेला कसा, ताई?

थोरली: 'पासवर्ड विसरलात?' असं प्रेमानं विचारतात ना, तिथून. पुढे कडक पहारा. आईचं माहेरचं आडनाव, पहिल्या कुत्र्याचं नाव, पहिलीतल्या बाईंचं नाव.

धाकटी: म्हणजे भाऊजींनी?

थोरली: घटस्फोटाला वर्ष झालं, तुझे अजून भाऊजीच. हो, त्यांनीच. मी या नोकरीसाठी लेकीला घेऊन दुसऱ्या शहरात चालले, ते खुपतंय. अकरा वर्षं माझ्या माहेरी पाहुणचार झोडलेल्या माणसाला आईचं आडनाव ठाऊक नसेल? आणि कुत्रा तर मीच फोटोसकट जगाला दाखवलाय. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

धाकटी: प्रश्न बदल ना.

थोरली: प्रश्न कुठलेही असोत, उत्तरं खोटी द्यायची. आमच्या संगणकवाल्यानं सांगितलंय. आईचं आडनाव? 'गंजका पंखा बारा'. कुत्रा? 'ओली छत्री दिवाण'. दर ठिकाणी वेगळं, आणि उत्तरं लिहिलेली वही कुलपात. शिवाय फोनवर कोड येईल, तो वेगळाच. जन्मभर खरं बोलून काय मिळालं ते दिसलंच.

धाकटी: आणि नोकरी?

थोरली: इस्पितळातले साहेब भले निघाले. चार वाजता मुलाखतीची नवी तारीख मेलवर पाठवतायत. त्याआधी दार लावायचंय. एकच कळत नाही. पहिलीतल्या बाईंचं नाव तुझ्या भाऊजींना कोणी सांगितलं? मी त्यांच्यापाशी कधी काढलंच नव्हतं.

(धाकटी खिडकी लावायला उठते.)

थोरली: तुला फोन आला होता त्यांचा?

धाकटी: गेल्या आठवड्यात. म्हणाले, ताईच्या वाढदिवसाला तिच्या जुन्या बाईंना शोधून आणतो. मला वाटलं, तुमचं परत जुळतंय.

थोरली: वा. अकरा वर्षांत वाढदिवस लक्षात न राहिलेला माणूस बाई शोधायला निघाला, आणि तुला भरून आलं.

धाकटी: चुकलं माझं.

थोरली: चुकलंच. फार राग आलाय मला तुझा.

धाकटी: तिसरं उत्तर राहिलंय ना? मी सुचवू काही?

थोरली: नको. तू जरा बाहेरच्या खोलीत बस.