आधी आवाज, मग नेटवर्क

आम्ही मूळचे औंढ्याकडचे, हिंगोलीच्या बाजूचे, शेतीवाडीची माणसं, पण आमचे आजोबा निजामाच्या राज्यातच हैदराबादला आले, वडील रेल्वेत लागले आणि मी जन्मले ती तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टरात, त्यामुळं माझी मराठी ही अशी, मराठवाड्यातून निघते, रस्त्यात दखनीला सलाम करते, तेलुगूला नमस्कारम म्हणते आणि तुमच्यापर्यंत येईतो दमून जाते. तुम्ही लिहून घ्यायलात तर अशीच घ्या, लै साफ करू नका, नाहीतर माझे नातेवाईक मला ओळखणार नाहीत. मी मंगल. नल्लकुंट्यात राहते आणि जुने कॉम्प्युटर दुरुस्त करते. जुने म्हणजे किती जुने, तर ज्यांना बघून दुकानातली पोरं फोन काढून फोटो घेतात, तेवढे.

काय सांगू तुम्हाला, मी शिकले तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल बाहेर काढून जायचं. पडदे ओढलेले, एसी चालू, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि शिकवणारे म्हणायचे हळू बोला, जसं काय आत कोणी बाळंत झालंय. मी आणि हळू! मंडळाच्या नाटकात माईक बंद पडला की मला पुढं ढकलायचे, अशी मी बाई. पुढं नेटवर्क टाकायच्या कामाला लागले, तर ऑफिसातले साहेब मला बघून म्हणायचे मॅडम, तुमचा माणूस कधी येणार? मी म्हणायचे आलाय की, आणि पदर खोचून टेबलाखाली शिरायचे. तेव्हा डॉस होतं. माऊस नाही, चित्रं नाहीत, तुम्ही टाइप करायचं आणि ते ऐकायचं, आणि त्याला शेजारच्या कॉम्प्युटरशी बोलायला शिकवायचं तर नेटवर्कचा क्लायंट म्हणून एक प्रोग्राम बसवावा लागायचा. आता हे कोणाला येत नाही, म्हणून मला बोलावतात. मोडी वाचणाऱ्यांसारखी माझी गत आहे, काम कमी, पण मान मोठा.

तर बरकतपुऱ्यात आमचे अनंतराव सर राहतात. वकिलांचं जुनं घराणं, तीन पिढ्या काळा कोट. सरांची दृष्टी भर वकिलीत गेली, तर ते कायदा शिकवायला लागले, आणि रिटायर झाल्यावरही ज्यांना दिसत नाही अशा पोरापोरींना घरबसल्या शिकवतात, पैसे घेत नाहीत, शिव्या मात्र भरपूर देतात. दर आठवड्याला नोट्स लिहितात. कशावर लिहितात? त्यांचा एक डॉसचा कॉम्प्युटर आहे, त्यात एक बोलणारं कार्ड आहे, बटण दाबलं की अक्षर बोलतं, ओळ वाचून दाखवतं. आवाज कसा, तर सर्दी झालेल्या माणसानं डब्यात तोंड घालून इंग्रजी वाचावं तसा. सर त्याला मुनीमजी म्हणतात. विमलताई, म्हणजे सरांच्या बाईसाहेब, म्हणतात मंगल, मी काही बोलले तर हे हूं म्हणतात, आणि तो बोलला तर मान खाली घालून ऐकतात, सांग, ह्या घरात सवत कोण?

नोट्स फ्लॉपीवर जायच्या, फ्लॉपी त्यांच्या मुलीच्या, मृणालच्या कॉम्प्युटरात, आणि तिथून पोरांना ईमेल. मागच्या वर्षी फ्लॉपीचा ड्राइव्ह गेला. दुसरा टाकला, तर फ्लॉप्याच खराब. जुन्या सामानाचा गुजरी बाजार पालथा घातला हो मी, जे मिळालं त्याला बुरशी. मृणाल म्हणाली बाबा, नवीन घेऊ, आता फोन पण बोलतो. आणि पोरीनं आणला खरंच, नवा कॉम्प्युटर, गोड आवाजाचा. सरांनी महिनाभर प्रामाणिकपणे बोटं आपटली. मग म्हणाले ही बाई फार गोड बोलते, आणि मला हवं ते सोडून सगळं बोलते. मुनीमजीच्या किल्ल्या माझ्या बोटांत आहेत, आता ह्या वयात बोटं कुठून नवीन आणू? राहू दे, म्हणाले, शिकवणं बंद करू. परीक्षा तोंडावर होती पोरांची. मृणाल स्वयंपाकघरात जाऊन मला फोनवर म्हणाली अक्का, बाबा बंद करू म्हणाले आणि मग दुपारी झोपून राहिले, ते कधी दुपारी झोपत नाहीत, तू काहीतरी कर.

मी गेले. मुनीमजीच्या पोटात नेटवर्कचं कार्ड बसवलं, तेही माझ्या ट्रंकेतलं. मृणालचा कॉम्प्युटर नवा, तो जुन्याशी थेट बोलायला तयार होत नाही, त्याला जुन्याची रामराम करायची पद्धत धोक्याची वाटते, तर मध्ये माझा एक म्हातारा लॅपटॉप ठेवला, दोन्हीकडची भाषा येणारा, लग्न जुळवणाऱ्या मामासारखा. इथपर्यंत सगळं झकास. खरी भानगड पुढं. डॉसच्या कॉम्प्युटरात प्रोग्रामला बसायला जागा लै थोडी, एका खोलीचं बिऱ्हाड समजा. आधी आवाज आत बसवला, तर नेटवर्क दारात उभं राहून म्हणतंय जागा नाही. मग मी उलटं केलं, आधी नेटवर्क आणि मागून आवाज. बसले की हो दोघंही! नेटवर्कचं असंय, दारातून आत येताना त्याला ऐसपैस लागतं, एकदा बसलं की आकसून बसतं. नेटवर्कनं नाव विचारलं, मी टाकलं, मुनीमजी बोलायला लागले, एक लहानशी फाइल पाठवली, ती मृणालच्या कॉम्प्युटरवर उतरली. मी तिथंच एक गिरकी घेतली. विमलताईंनी खुबानी का मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, दिलं, मी दोनदा घेतलं, आणि विजयी वीरासारखी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताईंचा फोन. मंगल, लवकर ये, ह्यांनी चहा सुद्धा घेतला नाही. मी रिक्षा केली. सर खुर्चीत ताठ बसलेले, दोन्ही हात कीबोर्डच्या किल्ल्यांवर, जसं काय कोणाचा हात हातात घेऊन बसलेत. म्हणाले मंगल, गेला का गं तो? सकाळपासून बोलत नाही. मी पडद्याकडं बघितलं आणि मला कळलं. पडद्यावर एकच ओळ, तुमचं नाव टाका. नेटवर्क आधी उठतं ना, ते उठल्या उठल्या विचारतंय तुम्ही कोण, आणि त्याला उत्तर मिळाल्याशिवाय ते पुढं आवाजाला उठू देत नाही. मी काल डोळ्यांनी वाचलं आणि नाव टाकलं, माझ्या लक्षातच नाही आलं की सरांना ही ओळ कोण वाचून दाखवणार? म्हणजे बघा, सकाळपासून ते यंत्र ह्यांना नाव विचारायलंय आणि हे त्याच्यासमोर उपाशी बसलेत, दोघंही एकमेकांची वाट बघत.

मी सांगितलं तर सर आधी हसले, मग लै चिडले. मी म्हटलं सर, सोपं आहे, तुमचं नाव मी आतच लिहून ठेवते, ते विचारणारच नाही. तर म्हणाले नाही. आज नाव विचारलं, उद्या आणखी काही विचारेल, तार सुटली म्हणेल, आणि मी इथं दगडासारखा बसेन. आधी त्यानं माझ्याशी बोललं पाहिजे, मग जगाशी. जमत असेल तर कर, नाहीतर तार काढ. मृणाल म्हणाली बाबा, कायको इतना हट्ट? सर म्हणाले हट्ट नाही गं, अंधारात कोण उभंय ते मला कळायला पाहिजे.

आता आली का पंचाईत! दोघं बसतात ते उलट्या क्रमानंच, आणि सरांना पाहिजे सुलटा. मी म्हटलं ठीक आहे, चालू होताना हा कॉम्प्युटर कोणाकोणाला आत घेतो ते मी एकेक ओळ वाचते, तुम्ही सांगा काय कापू. वकीलच ते, बसले साक्ष घ्यायला. मी वाचायला लागले, प्रयोग असल्यासारखी, हात वर करून. हा कोण? कीबोर्डवाला. राहू दे. हा? छपाईवाला. राहू दे. हा? माऊसचा ड्रायव्हर. सर म्हणाले थांब. कशाचा? मी म्हटलं माऊसचा. म्हणाले माझ्या टेबलावर माऊस आहे? विमलताई म्हणाल्या इश्श, तुम्हाला कशाला माऊस, कधी नव्हताच. म्हणजे बघा, ज्यानं तो कॉम्प्युटर पहिल्यांदा लावून दिला त्यानं सवयीनं माऊसही लावून दिला, आणि एवढी वर्षं ज्या माणसाला दिसत नाही त्याच्या खोलीत, नसलेल्या माऊसचा माणूस रोज सकाळी येऊन खुर्ची अडवून बसायचा, आणि त्याला कोणी विचारलं नाही की बाबा तू कशाला? मी पण नाही! सर म्हणाले हकालपट्टी. मी ओळ खोडली. उरलेल्यांना माळ्यावर चढवलं, डॉसलाही वर एक माळा असतो हो, आणि त्याचा नियम आपल्या माळ्यासारखाच, मोठं पातेलं आधी सरकवायचं, वाट्या नंतर. आधी आवाज लावला, मागून नेटवर्क. विमलताई पदर तोंडाला लावून उभ्या.

बोलले! मुनीमजी आधी बोलले, आणि मग त्याच सर्दीच्या आवाजात ती नाव विचारणारी ओळ वाचून दाखवली. सरांनी मान वर केली, अंगरखा नीट केला, कोर्टात उभं राहावं तसं, आणि स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव टाकलं. मग कराराच्या कायद्याच्या नोट्स पाठवल्या. थोड्या वेळानं फोन वाजला, त्यांची शिष्या श्रीलता, वारंगळकडची, ती म्हणाली सर, नोट्स आ गए, सुन रई मैं. सर म्हणाले सुन रई तो ठीक, पिछले बार का जवाब किधर है? आणि तिला अशा शिव्या दिल्या, अशा दिल्या, की विमलताई माझ्या कानात म्हणाल्या आता झाले गं हे बरे.

आता दर गुरुवारी नोट्स जातात. श्रीलता पास झाली, दोन नवीन पोरं लागलीत. मी महिन्यातून एकदा जाते, धूळ झाडते, काही बिघडलेलं नसतं, विमलताई म्हणतात तू बिघडवू नको म्हणजे झालं. मला माहितेय, ते कार्ड एक दिवस जाईल, आणि तसलं दुसरं कुठं मिळणार नाही, मी शोधून बसलेय. सरांनाही माहितेय. आम्ही ते बोलत नाही. मी फक्त जाताना डबड्यावर हात ठेवते आणि म्हणते देवा, माझ्या आयुष्यातलं थोडं ह्याला दे. थोडंच हं, मलापण अजून लै कामं आहेत.