राक्षसाचं हाड

धाराशिवहून बेंबळीला निघालेल्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर एक म्हातारा-म्हातारी बसली होती. म्हाताऱ्याच्या मांडीवर टॉवेलात अर्धवट गुंडाळलेलं लांबट, पांढरं काहीतरी होतं.

"मला पायरीवर बसवून आत गेलात. काय म्हणले कॉलेजातले सर? कोण्या राक्षसाचं हाड हाय?"

"हाडच न्हाय म्हणले. बाटलीतल्या ॲसिडचा एक थेंब टाकला, तर फसाफसा फेस आला. चुनखडी हाय."

"चुनखडी? मग हाडावानी पोकळ कशी?"

"अगं, जमिनीतल्या पाण्यात चुना विरघळलेला असतोय. झाडाच्या मुळानं पाणी पिलं, ऱ्हायलेलं उन्हानं आटलं, अन् चुना मुळाभवती बसला. पुढं मूळ कुजलं, नळी तेवढी ऱ्हायली."

"पाणी तापवायच्या हंड्याला बसतोय तसा?"

"व्हय. पर ह्याला लई काळ लागतोय."

"अन् म्या महिनाभर त्याला हळदीकुंकू वाहिलं!"

"हळू बोल. गाव म्हणंल, नाव दगडोबा, अन् दगड वळखू आला न्हाय."

"म्हणू द्या. पर उद्याच्या भंडाऱ्याचं काय? राक्षस शांत व्हावा म्हणून सगळ्या गावाला जेवायला बोलवलंय तुम्ही."

"सांगतो की घरोघर, जेवण रद्द झालं म्हणून."

"तसलं काय करू नगा."

"का? राक्षसच न्हाय, तर जेवण कशाला?"

"रद्द करून तर बघा. मग दिसतील राक्षस."